दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

उंद्रीच्या इंद्रभान आबांचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही एका वेळी एकाच डोळ्यावर. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडलं की ते पळत दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. निघालेलं पाणीच पोचलं की वाटेत कुणी बदललं, हे पाहायला. अशा माणसाच्या नातीला कुणी कच्चं ठरवावं, म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यात काठी घालावी.

नात प्राची, साडेपाच वर्षांची. टोपल्यातलं एक वांगं कमी झालं तरी तिला कळायचं. आबांचं ऐकाल तर शेजाऱ्याच्या टोपल्यातलंही कळायचं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या योगिनी मॅडम अंगणवाडीत आल्या, पहिलीत जायला कोण तयार आहे ते तपासलं, आणि प्राचीच्या कागदावर लिहिलं, 'अजून एक वर्ष थांबावे.' कागद उद्या शाळेत जाणार होता. इकडे पोरगी आठ दिवसांपासून नवं दप्तर उशाशी घेऊन झोपत होती.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणवाडीत जाऊन बसले, प्राचीला घेऊन.

"मॅडम, काल काय इचारलं ते माह्यासमोर इचारा."

मॅडमनी सतरंजीवर सहा लाल बटणं मांडली, त्यांच्यासमोर सहा निळी.

"प्राची, लाल आणि निळी सारखीच आहेत का गं?"

"हाव."

मॅडमनी निळी बटणं हातानं लांब लांब सरकवली. "आता? सारखीच आहेत का?"

प्राचीनं मॅडमकडे पाहिलं, मग आबांकडे. "नाही. निळी जास्त."

आबांचा एक डोळा बारीक झाला. बाईनं मुठीत बटण दाबलं असणार.

"मॅडम, हात दाखवा."

मॅडमनी दोन्ही तळवे दाखवले. आबांनी सतरंजीचा कोपरा उचलून पाहिला, बटणं दोनदा मोजली, मॅडमच्या पर्सकडे इतकं रोखून पाहिलं की त्यांनी ती आपणहून उघडली. आत कंगवा आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

"समाधान झालं, आजोबा?"

"नाही झालं. लबाडी हाये. सापडून नाही राह्यली, एवढंच."

तेवढ्यात अंगणवाडीच्या बेबीताई चहाची किटली घेऊन आल्या. "मॅडम, चहा घेता का?"

"नको हो, आत्ताच झाला."

"घेता का पण?"

"बरं, द्या अर्धा कप."

आबा ताडकन उठले. गावात अजून सांगतात, की त्या उठण्यानं छतावरची एक पाल खाली पडली.

"उत्तर काऊन बदललं तुमी?"

"काय?"

"चहा तोच, किटली तीच, बेबीताई तीच. पहिल्यांदा नको म्हनलं, दुसऱ्यांदा द्या. काऊन?"

"अहो, त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हणणं बरं दिसत नाही."

"प्राची," आबांनी तिला जवळ ओढलं, "कोनाच्या घरी गेल्यावर आजी काय सांगते तुले?"

"पहिल्यांदा नाही म्हनाचं. मंग त्यायनं पुन्हा इचारलं, तं पहिलं उत्तर धरून नाही बसाचं. मोठ्या मानसाले वाईट वाटते."

मॅडमचा कप ओठांशीच थांबला.

बेबीताईंनी आबांसमोरही एक कप ठेवला होता. तो घ्यायला आबा वाकले आणि त्यांच्या उपरण्याचं टोक निळ्या बटणांवरून फिरलं. बटणं चहूकडे पांगली.

"अरे देवा, मॅडमच्या रांगेचं वाटोळं केलं म्या. पाहाय वं प्राची, तेवढेच हायेत का एखांदं गेलं?"

"तेवढेच हायेत आबा. तू नुसते फाकवले."

आता डोळा बारीक करायची पाळी मॅडमची होती. "आजोबा, तुम्ही तिला खुणावलंत."

"म्या?"

"तोंड भिंतीकडे करून बसा."

आबा भिंतीकडे वळले. मॅडमनी रांगा पुन्हा लावल्या, काही विचारलं नाही. मग पर्सचा पट्टा लागून लाल बटणं विस्कटली. अगदी चुकून, निदान चेहरा तरी तसा केला त्यांनी. "अगंबाई. आता लाल जास्त झाली की निळी?"

प्राची हसली. "कोनतेच नाही. सारखेच हायेत."

मॅडमनी कालचे कागद पुढे ओढले. मग त्यांनी बेबीताईंना काल 'थांबावे' लिहिलेल्या बाकीच्या नऊ पोरांना बोलवायला पाठवलं, आणि प्राचीच्या कागदावरची ओळ खोडून लिहिलं, 'पहिलीसाठी तयार.'

"तयार लिहिलं ना?" आबांनी भिंतीकडूनच विचारलं.

"हो."

आबा नातीचं बोट धरून निघाले. उंबऱ्यापाशी पाय अडला. खोडलं खरं, पण नेमकं काय लिहिलं? बाई हो फार लवकर म्हणाली. ते मागे वळले, तोंड उघडलं.

प्राचीनं त्यांचं धोतर ओढलं.

"आबा, दुसऱ्यांदा इचारू नको."