वणीवरची गार

नाव कोण ठेवणार? ज्यानं जन्म दिला तो. पायलच्या यवतमाळच्या ऑफिसात तसा शिरस्ताच होता. रडारच्या माहितीतून जो नवा आकडा काढील, त्यानंच त्याचं नाव ठेवायचं. रडार वेगवेगळ्या उंचीवर गोल फिरून आभाळ चाळतं. पायलनं त्या सगळ्या चकरा एकावर एक रचल्या आणि ढगाच्या पोटात गार किती आहे, हे सांगणारा आकडा काढला. त्यापायी वर्षभर डोळे फोडले. नाव ठेवलं 'नलू'. नलू तिची आई. वणीच्या गारपिटीत तिचं कपाळ फुटलं होतं, खोक अजून दिसते.

आणि नरहर साहेबांनी एका सकाळी ते नाव पुसून तिथं 'नरहर' टाकलं.

"नलू? मोलकरणीचं वाटतं," म्हणे. "जरा भारदस्त नको का?"

घराण्याच्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या, पण दुसऱ्याच्या ताटातलं ओढायची खोड काही गेली नाही मेल्याची. वर तिच्या प्रोग्रॅममधली वजाबाकीही काढून टाकली, उगाच वेळ खाते म्हणून.

"सर, तेवढी राहू द्या," पायल म्हणाली.

"तू मला शिकवणार?"

नाही शिकवत, बाप्पा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईच्या नावाला मोलकरीण म्हणाला, हे ती जन्मात विसरणार नव्हती. ती आपल्या दिवसाची वाट पाहू लागली.

तो दिवस आला. वणीकडच्या शेतकरी कंपनीचे हरिसिंग प्रोग्रॅम बघायला आले. नरहर साहेबांनी कोट चढवला. पडद्यावर वणीशेजारी लालभडक डाग उमटला.

"पाहा, आमचा नरहर काय सांगतोय. आत्ता तुमच्याकडे लिंबाएवढी गार पडतेय."

हरिसिंगनं तिथूनच भावाला स्पीकरवर फोन लावला. "काहो, गार पडून राह्यली का तिकडं?"

"कायची गार? मिरच्या वाळू घातल्या ना आंगनात."

सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी लाल डागावर बोट टेकवलं. पायलला मात्र उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसं बरं वाटलं.

"पायल, हे काय आहे?"

"खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर आहे, सर. रडारला तोही गारेसारखाच दिसतो. ढग हलतो, डोंगर हलत नाही. म्हणून मी तो वजा करत होते."

"मंग हे तुनं बनवलं का, माय?" हरिसिंग म्हणाले. "तू नीट करशील तर घेतो. नाहीतर राह्यलं."

"करते. पण नाव मी ठेवणार. सर, तुम्ही यांच्यासमोर हो म्हणा."

"ठेव बाई, काय ठेवायचं ते ठेव," साहेब पुटपुटले.

पायल बसली. गारेच्या आकड्याचं नाव परत नलू केलं. मग डोंगराच्या आकड्याकडे वळली. तोही तिनंच काढला होता, आणि अजून बिननावाचा होता. तिनं तिथं लिहिलं, 'नरहर', आणि काढलेली वजाबाकी परत घातली.

लाल डाग पुसला गेला. तेव्हापासून रडारची चक्कर पुरी झाली की आधी नरहर वजा होतो, मग नलू दिसते. ऑफिसात सगळे तसंच बोलतात, आणि साहेबांना ते रोज ऐकावं लागतं.

"काढून टाक त्याचं नाव आता," आई फोनवर म्हणाली. "किती दिवस खार खाशील?"

"नाही काढत, आई. तो डोंगर अजून वाढून राह्यला."