अडतीस होम रन

मी एक जुने, कोपरे झिजलेले कार्ड आहे, मित्रांनो. माझ्यावर बेसबॉलपटू अर्ल टिबेटचा १९७४चा हंगाम छापला आहे. फासे टाकायचे आणि पडलेला आकडा माझ्यावर शोधायचा. टिबेट बाद झाला की त्याने होम रन मारून चेंडू मैदानाबाहेर धाडला, ते तिथे लिहिलेले असते.

अमेरिकेतल्या डलुथ शहरात एका हार्डवेअरच्या दुकानामागे दर मार्चमध्ये आठ जण जमतात. आळीपाळीने कार्डे निवडून संघ बनवतात आणि तो जुना हंगाम पुन्हा खेळतात. उंच फटके मारणारे आधी उचलले जातात. मलाही पहिल्या फेरीचा मान असे. मग कुणाच्या तरी लक्षात आले की टिबेट बादही फार होतो. तेव्हापासून मी शेवटपर्यंत टेबलावर पडून राहू लागले. एकदा तर माझ्यावर कॉफीचा कप ठेवला गेला. तो डाग अजून आहे.

एका वर्षी आठवी जागा रिकामी पडली, म्हणून दुकानदार गस वेंटने एका म्हाताऱ्याला आणले.

"हा आमच्या गल्लीत गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. नाव अर्ल टिबेट."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. निवृत्त पोस्टमास्तर नॉर्मा हॅस्किन्स म्हणाल्या, "मग काय, स्वतःलाच घेणार ना?"

"छे!" अर्ल म्हणाला. "हा गडी संथ चेंडूला फसतो. पुढच्याच वर्षी संघातून हाकलला त्याला."

"मग मी घेते."

"घ्या. पस्तावाल."

अर्लनेही आपला संघ निवडला, आणि सप्टेंबरात अंतिम सामना या दोघांतच आला. शेवटच्या डावात नॉर्माबाई एका धावेने मागे होत्या. त्यांचा एक खेळाडू बेसवर होता आणि पाळी माझी आली.

गस अर्लच्या कानाशी लागला. "अरे, याला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दे. पुढचा अगदीच लेचापेचा आहे."

"नाही. टाकू देत फासे. फसतो तो, सांगतोय ना!"

फासे पडले. नॉर्माबाईंचे बोट माझ्यावरून खाली सरकले आणि थांबले. होम रन. एकदम दोन धावा आल्या आणि अर्ल हरला.

त्याने मला मागून घेतले, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचले.

"खरंच अडतीस होम रन होते?"

"मग? छापलंय की," नॉर्माबाई म्हणाल्या.

"मला ते पुढचं वर्षच तेवढं आठवायचं हो," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवा, दुमडू नका. आणि कार्डावरचा माणूस तुमच्याच गल्लीत राहत असेल, तर त्याला एकदा बोलवा. आमच्यावर काय लिहिले आहे, ते त्याला वाचू द्या.