मावशीचा ळ

वडनेरच्या प्रमिलामावशीला रेडिओवर शेतीच्या बातम्या वाचायच्या होत्या. वर्ध्यातल्या एका छोट्या केंद्राला तिचा आवाज आवडलाही. पण वाचताना ती 'केळझर'ला 'केयझर' म्हणाली. तिथल्या बाईंनी सांगितलं, "ळ जमवून सोमवारी या. नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो."

शुक्रवारी मावशीचा फोन आला. "रक्षे, तुया त्या आवाजाच्या कोर्साचा काही उपयोग हाये का?"

मी फिजिक्स शिकलेली. भाषेतल्या ध्वनींवरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला होता, म्हणून शनिवारी सकाळी ऐटीत वडनेरला पोचले.

"म्हण, डोळा."

"डोया."

"डोळा!"

"तेच तं म्हनून राह्यली ना मी!"

ती खोटं बोलत नव्हती. तोंडातून कितीतरी आवाज निघतात, पण प्रत्येक बोली त्यांना मोजक्याच खणांत टाकते. एका खणातले आवाज कानाला सारखेच वाटतात. मावशीच्या बोलीत ळ आणि य एकाच खणात पडत होते.

तिला ते पटेना. मी म्हटलं, "'पंखा' म्हण. आता 'पंत' म्हण. अनुस्वाराला जीभ कुठे लागते?"

तिनं चार वेळा म्हणून पाहिलं. "अवो बाप्पा! एक मांगं, एक दाताले! हे दोन न कवापासून हायेत?"

"आधीपासूनच. पण दोघांचा खण एक, म्हणून कोणाला पत्ता नाही."

समजलं सगळं, जमलं काहीच नाही. दुपारपर्यंत चाळीस वेळा 'डोया' झालं. ओसरीवर बसलेले मावशीचे यजमान बंडूजीकाका म्हणाले, "बैलाले येईन ळ, पन तुले नाई येनार."

मावशीनं रागानं बैलबंडी जुंपली. "चाल, कडबा आनू. मायाच्यानं होत नाई हे."

मी मागे बसले. तिनं कासरा हलवला आणि जीभ वाजवली, "टॉक! टॉक!" बैल निघाले.

"मावशी, थांब! पुन्हा कर. जीभ कुठे आहे?"

"वर. उलटी होऊन टायूले चिकटली."

"तिथंच ठेव. वाजवू नको. आता गळ्यातून आवाज काढत सोड."

"अ... ळा." ती दचकली. "डो... ळा. रक्षे! डोळा!"

बैलही थबकले. टॉक हा आवाज मराठीच्या कुठल्याच शब्दात नाही, तो फक्त बैलांशी बोलायचा. जिभेला जागा वर्षानुवर्षं माहीत होती. शब्दांत तिला खण नव्हता, एवढंच. कडब्याच्या वाटेवर मावशीनं केळझर, तळेगाव, जवळ, बाभूळ असं दिसेल-आठवेल ते सगळं म्हणून घेतलं.

सोमवारी तिची निवड झाली. गुरुवारी सकाळी मी वर्ध्यात रेडिओला कान लावून बसले. प्रत्येक ळ जागच्या जागी आला. फक्त प्रत्येकाच्या आधी एक बारीकसा 'टॉक' येत होता. घाबरल्यावर जीभ आधी ओळखीच्या कामाला लागत असावी.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आयकलं का सकायी?" घरचा य आपल्या जागी परत आला होता.

"ऐकलं. मस्त झालं."

"तुये काका म्हनते, तुई बातमी लागली अन् गोठ्यातले दोन्ही बैल उठून उभे राह्यले."

"मग?"

"मंग काय! म्हटलं, जुंपा अन् जा वावरात. मायी बातमी आयकून कामाले लागनारे पहिले तेच हायेत."