शेकाच्या पिशवीची कबुली

मी शेकायची रबरी पिशवी बोलतेय. तुमच्यापैकी अनेकांनी मला दुखऱ्या अंगाशी धरलं असेल, दुवाही दिला असेल. पण आजची गोष्ट मला मान खाली घालूनच सांगावी लागेल.

छत्तीसगड राज्य होऊन दोन महिने झाले होते. विजयाबाई भोपाळहून बदलून रायपूरच्या नव्या मंत्रालयात टायपिस्ट म्हणून आल्या. त्या थंडीत सकाळी त्यांची बोटं आखडायची. तासभर चहाचा कप धरवत नसे. त्यांचे यजमान श्रीपादराव यांनी मला गोल बाजारातून आणलं. विजयाबाईंनी मला बोटांवर धरून डोळे मिटले. मी किती फुगले म्हणून सांगू!

समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी आमवात सांगितला. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "थंडीत, दमट हवेत त्रास वाढेल, उन्हाळ्यात कमी वाटेल. पण आजार आत असतोच. मला विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका."

मे महिन्यात नळाला सकाळपासून गरम पाणी येऊ लागलं आणि बोटं मोकळी झाली.

"काहून गोळ्या खाऊन राहिली आता?" श्रीपादराव म्हणाले. "थंडी आली की पिशवी आहेच."

विजयाबाईंनाही पटलं. खुंटीवरून मी ते ऐकलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मग तेच वळण पडलं. हिवाळ्यात गोळ्या, उन्हाळ्यात बंद.

तिसऱ्या वर्षी श्रावणात, गोळ्या अजून बंदच असताना, मनगटं सुजली. शेकलं की ठणका वाढे, तरी त्या मलाच घेत. एका सकाळी त्यांना माझं बूच फिरवता येईना. पदरात धरून पाहिलं, दातांनी पाहिलं. नवऱ्याला हाक मारायची लाज वाटली. शेवटी कालचं गार पाणी तसंच ठेवून, मला मांडीवर घेऊन त्या शेकत असल्यासारख्या बसल्या. असे आठ दिवस गेले.

रविवारी श्रीपादरावांचा मला सहज हात लागला.

"अगं, ही तर थंडगार आहे! पाणी काहून नाही बदललं?"

"बूच उघडत नाही मले," त्या पुटपुटल्या. "ऑफिसात टायपिंगही बाजूच्या टेबलावरची शर्मिष्ठा करून देते. कोणाले सांगू नका."

श्रीपादरावांनी माझं बूच उघडून गार पाणी ओतून दिलं. "तू काहून लाजते? लाज तर मले वाटाले पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी ते त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी बाराही महिने. दिवाळीपर्यंत ठणका उतरला. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती सरळ झालीच नाहीत. विजयाबाई आता चौकशीच्या खिडकीवर बसतात.

मी भेगाळून कपाटात पडले आहे. परवा शेजारची राधिका मला मागायला आली. "बोटं आखडून राहिली, काकू. पिशवी द्या नं."

विजयाबाईंनी आपला वाकडा हात तिच्यासमोर धरला. "आधी डॉक्टरकडे चाल. मी येते संगं."

हे मी कधीच सांगायला हवं होतं. पण मला तोंड होतं ते नुसतं पाणी प्यायला.