लाल दिव्यातलं तेल

माझा कुणावर विश्वास नाही, आणि त्यामुळे माझा आजवर कधी तोटा झालेला नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, "पडलं-बिडलं नाही हो, आपोआप बंद झालं." मी भिंग डोळ्याला लावतो आणि वाकलेला काटा दिसतो. माणूस खोटं बोलतो, काटा नाही.

त्यामुळे आमच्या चर्चचं छप्पर खचलं आणि दुरुस्ती होईपर्यंत आपली मिस्सा, म्हणजे उपासना, प्रोटेस्टंटांच्या हॉलमध्ये होईल असं फादरांनी जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून बसलो. फुकट जागा देतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार.

आमच्या वेदीची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते. वस्त्रं, मेणबत्त्या, पेला आणि सगळ्यात महत्त्वाची पितळी पेटी. मिस्सानंतर उरलेली पवित्र भाकर त्या पेटीत कुलपात राहते, आजाऱ्यांच्या घरी न्यायला. आम्ही कॅथलिक तिला नुसती भाकर मानत नाही. आमच्यासाठी तो साक्षात प्रभू. म्हणून पेटीसमोर लाल काचेतला तेलाचा दिवा सतत तेवत ठेवायचा. बावीस वर्षांत तो माझ्या हातून एकदाही विझलेला नाही. लोक मला दिवेकाका म्हणतात ते उगीच नाही.

हॉलच्या मागची एक कोंदट खोली आम्हाला मिळाली. तिथे पेटी ठेवली, दिवा ठेवला. आणि हॉलची राखण कुणाकडे असावी? माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीकडे. आगीतून उठून फुफाट्यात!

धाकटीने प्रोटेस्टंटाशी लग्न केलं आणि ती त्यांच्यातली झाली. त्या लग्नाला मी गेलो नाही. पुढे आई तिच्याकडे राहायला गेली, चार वर्षं तिच्याकडेच राहिली आणि तिथेच वारली. त्या चार वर्षांत मी तिच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. दफनाला मात्र थेट कबरस्तानात जाऊन उभा राहिलो. आता तिचा नवराही नाही. हॉलच्या मागे दोन खोल्या तिला राहायला दिल्या आहेत, त्या बदल्यात झाडलोट करायची, खुर्च्या मांडायच्या, दारं उघडायची. त्या दोन खोल्यांपलीकडे तिला जगात जागा नाही.

पहिल्याच दिवशी ती हातात झाडू घेऊन दारात उभी राहिली.

"दादा, या कपाटाला दिवा कशाला रे?"

"कपाट नाही ते. आणि हा हॉल आहे, चर्च नाही. तुला कळायचं नाही."

"चर्च नाही, मग तुम्ही इथे काय करताय?"

उत्तर द्यायला ती आईसारखीच, कधी मागे राहायची नाही. मग मीही तिला खरं चर्च म्हणजे काय ते सुनावलं. पहिल्या शिष्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या, आणि होता होता तो हात आमच्या फादरांच्या डोक्यापर्यंत आला. मधली एक कडी तुटलेली नाही. "तुमच्या पाळकाचा माग काढत मागे जा. भांडून घर सोडून गेलेल्या माणसापाशी जाऊन थांबशील."

"घरच्यांनीही तसंच काही केलं असेल ना," ती म्हणाली. "आमच्यात मंडळी म्हणजे माणसं. देवाचं वचन ऐकायचं आणि एकमेकांना धरून राहायचं. तेवढं असलं की झाडाखाली बसलं तरी चर्च. ते नसेल तर घुमट बांधून काय उपयोग?"

"धरून राहायचं म्हणे! आणि आम्हाला सोडून गेलं कोण?"

ती झाडू भिंतीला टेकवून वळली. खुर्च्या मांडायला निघून गेली.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग एके दिवशी सकाळी मी दिव्यात तेल घालायला गेलो, तर काच काठोकाठ भरलेली. मी आदल्या दिवशी एवढं भरलं नव्हतं. वाकून वास घेतला. माझं तेल शुद्ध, वास नसलेलं, खास मागवलेलं. याला चक्क तळणीच्या तेलाचा वास येत होता! प्रभूसमोर कढईतलं तेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण चोर पकडायचा तर बोंबलून चालत नाही. मी काचेवर पेन्सिलीने बारीक खूण केली. दोन दिवसांनी तेल खुणेच्या वर. पेटीची किल्ली मी खिळ्याला नेहमी दात भिंतीकडे करून अडकवतो. ती उलटी सापडली, वर तिला लाल दोरा बांधलेला. एकदा तर वेदीवस्त्र, जे मी घडी न घालताच गेलो असं मला पुसटसं वाटत होतं, ते नीट चौकोनी घडी करून ठेवलेलं. तशी घडी आमच्या आईने आम्हा दोघांना शिकवली होती. म्हणजे संशयाला जागाच उरली नाही.

ती आत शिरते हे ठरलं. का शिरते, तेवढंच कळत नव्हतं. थट्टा करायची असेल, नाहीतर पेटीत खरंच काही आहे का ते उघडून बघायचं असेल. त्या दिवसांत दुकानातही लोकांनी मला छळायला घेतलं होतं. एक शिक्षिका शपथेवर सांगत होती की तिचं घड्याळ मी मंगळवारीच परत केलं, आणि मी तेच घड्याळ अर्धा तास ड्रॉवरमध्ये शोधत होतो. हल्ली माणसं तोंडावर खोटं बोलतात.

बुधवारच्या मिस्सानंतर मी फादरांना सगळं सांगितलं. फादर प्रोटेस्टंटांच्या पाळकांशी बोलले. पाळकांनी त्यांच्या पंचांना बोलावलं, आणि आम्ही सगळे हॉलमध्ये समोरासमोर बसलो. धाकटी एकटी उभी होती.

"बाई, तुम्ही त्या दिव्यात तेल घालता?" पाळकांनी विचारलं.

"घालते."

"पेटीला हात लावता?"

"दार उघडं दिसलं तर लावून घेते."

"पण का?"

तिने उत्तर दिलं नाही. फादरांनी विचारलं, तरीही नाही. मग तिच्याच पंचांतला एक म्हातारा उठला. "का ते मी सांगतो. माहेरचं वळण. आपल्यात बसून देवाचं वचन ऐकायचं, आणि मागे जाऊन कॅथलिकांच्या कपाटाला दिवा लावायचा! अशा बाईच्या हातात प्रभूचं घर ठेवायचं?"

ही गंमत मला अपेक्षित नव्हती. मला वाटत होतं ती आमची थट्टा करते, आणि त्यांना वाटत होतं ती चोरून आमच्यात आली आहे. ना घरची ना घाटाची. पंचांनी ठरवलं, महिनाअखेर दोन्ही खोल्या रिकाम्या कराव्यात. आमच्या खोलीला नवं कुलूप लावायचं ठरलं, एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात.

मी जिंकलो होतो. धाकटी सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. तिने रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी ती किल्ली पक्क्या दोऱ्यात ओवली आणि घड्याळजीची गाठ मारली. दोन वेढे, एक उलटा. ही गाठ मला माझ्या उस्तादांनी शिकवली. ती मारणारा आता या शहरात माझ्याशिवाय कुणी नाही.

पुढच्या रविवारी मी लवकर निघालो होतो, तरी पोहोचलो तेव्हा लोक जमलेले. घरातलं घड्याळ मागे पडलं असणार. खोलीच्या दाराशी गर्दी होती. फादर बाहेर आले, त्यांचा चेहरा उतरलेला होता.

आत दिवा विझला होता. काच कोरडी ठणठणीत, वात जळून काळी. पितळी पेटीचं दार सताड उघडं. कुणीतरी हाय खाल्ल्यासारखं "देवा रे" म्हणालं. त्यांच्या उपासनेची वेळ जवळ आल्यामुळे पाळक आणि तो म्हातारा पंचही तिथे होते, आणि धाकटी त्यांच्या मागे.

"दाराच्या कुलपातच होती," फादर म्हणाले आणि त्यांनी किल्ली वर धरली. खाली दोरा लोंबत होता.

माझा हात गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं.

"काका, ही तुमच्याकडून हिने घेतली का?" फादरांनी हळूच विचारलं. सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. मी तोंड उघडलं. हो म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं, सगळे ऐकायला तयारच होते, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

पण धाकटीच पुढे आली. "हो. मी घेतली. दादा झोपला होता तेव्हा."

चाळीस वर्षं मी खोटं ऐकत आलो आहे. पडलं नाही, भिजलं नाही, पोराने हात लावला नाही. खोटं बोलताना माणूस समोरच्या वस्तूकडे बघत नाही. धाकटी किल्लीकडे बघत नव्हती, आणि माझ्या घराचा तर तिला पत्ताही नीट माहीत नव्हता.

मी फादरांच्या हातून किल्ली घेतली, खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. गाठ सोडली होती आणि परत मारली होती. दोन वेढे, एक उलटा.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "ही गाठ माझी आहे. मीच आलो होतो. कधी आलो ते मला माहीत नाही."

म्हाताऱ्या पंचाने चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिला. मग पाळक त्याला म्हणाले, "बाईंच्या खोल्या रिकाम्या करायचा विषय संपला." फादरांनी स्वतः पेटी लावली.

मिस्सा झाल्यावर मी धाकटीचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला. स्वयंपाकघरात एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. खिडकीत आईचा चष्मा अजून ठेवलेला होता, पेटीच्या किल्लीला होता तसाच लाल दोरा त्याच्या दांडीला बांधलेला. शेगडीशेजारी तेलाची बाटली होती. मी झाकण काढून वास घेतला. तोच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही इथे आलात त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून. दिवा विझायला आलेला दिसला. माझ्याकडे दुसरं तेल नव्हतं."

"तुझ्या लेखी त्या पेटीत काही नाही."

"नाहीच. खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"तू सकाळी येऊन विझलेला बघितला असतास, दादा."

मी खुर्चीवर बसलो. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं. घर सोडणारी म्हणून जिला मी आयुष्यभर हिणवलं, ती आपलं राहतं घर घालवून बसणार होती, पण माझं नाव तिने काढलं नव्हतं. ते सगळं तिला सांगायला हवं होतं. मी वेगळंच विचारलं.

"आईचं विसरणं कशापासून सुरू झालं होतं?"

धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली. "किल्ल्यांपासून. मग गॅस. मग मी."

मी गळ्यात परत घातलेला किल्लीचा दोरा काढला आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवला.

"प्रोटेस्टंटाच्या हातात देतोस?" ती म्हणाली. "फादरांना विचार आधी."

"विचारलं. ते म्हणाले, नियमात बसत नाही. आणि मग खिडकीबाहेर बघत बसले."

ती हसली, अगदी लहानपणी हसायची तसं. किल्ली तिने पदराला बांधली. आता मी रोज सकाळी येतो, ती दार उघडते, मी तेल घालतो आणि ती मागे उभी राहून बघते. खरं चर्च कुठलं यावर आम्ही अजून भांडतो. ती एक इंच मागे सरत नाही, आणि मीही नाही. तेल मात्र माझंच वापरायचं, यावर तह झाला आहे.

आज सकाळी चहा पिताना मी तिला विचारलं, "धाकटे, दिव्यात तेल घातलं ना आपण?"

"घातलं, दादा," ती म्हणाली. शांतपणे, माझ्याकडे बघत, अजिबात न वैतागता.

मी संशयी माणूस. तिच्या त्या शांतपणावरूनच मला संशय आला की हे मी तिला आज आधीही विचारलं असणार, आणि एकदाच नव्हे.