दोनशे अकराने भागून बघा

नव्या गणिती चाचणीबद्दलच्या सत्कारात विभागप्रमुखांच्या गळ्यात हार पडला तेव्हा त्यांची संशोधक विद्यार्थिनी टाळ्या न वाजवता बघत होती. अहो, चाचणी तिची! भली मोठी संख्या मूळ आहे की तिला कशानं तरी भाग जातो, हे भागाकार न करता, नुसत्या घातांच्या बाक्यांवरून ओळखायची. जुन्या चाचणीला चकवणाऱ्या लबाड संख्याही ती पकडायची. तिनं सगळं फळ्यावर मांडलं, चहा प्यायला गेली, तेवढ्यात या गृहस्थांनी फोटो काढला आणि स्वतःच्या नावानं छापून मोकळे झाले. जाब विचारला तर म्हणे, "अगं बाळ, आभारात तुझं नाव घातलंय की!"

तेव्हापासून ती गुळणी धरून बसली होती. घाबरली नव्हती. सरांनी फोटो काढून नेल्यावर तिलाच चाचणीत एक भोक सापडलं होतं, आणि चोरलेला माल तपासून घेण्याइतके कष्ट सरांनी आयुष्यात कधी घेतले नव्हते.

"मी चप्पल काढून ठेवलीय," शेजारी बसलेली आत्या कुजबुजली. "फेकू का?"

"थांब गं. आज त्यांच्याच तोंडून त्यांना मारायचंय."

सरांनी पडद्यावर चाचणी लावली. "द्या कुणीही, कितीही मोठी संख्या द्या!"

ती उभी राहिली. "पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्ट."

तिला बघून सर जरा चपापले, पण भरल्या सभागृहात माघार कशी घेणार? त्यांनी आकडे घातले. दोनच्या घाताची बाकी एक आली, म्हणजे संख्या पास. तीनच्याही घाताची एक, पाचच्याही एक. पुढच्या पायऱ्याही बिनबोभाट पार पडल्या.

"मूळ संख्या!" सर गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं तो पुरता संपू दिला.

"दोनशे अकराने भागून बघा, सर."

पहिल्या रांगेत मोबाइल निघाले. अध्यक्षबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "दोन लाख पासष्ट हजार सहाशे एक्कावन्न. बाकी शून्य."

"त्यालाही चारशे एकवीसने भाग जातो," ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं. "चूक माझी नाही! चाचणी हिची आहे! हिच्या फळ्यावरून जशीच्या तशी उचलली मी! कच्चं काम हिचं, आणि शिव्या मी खायच्या?"

आपण काय बोलून गेलो ते सरांना सगळ्यात शेवटी कळलं. त्यांचा हात हळूच गळ्यातल्या हाराकडे गेला.

"हो सर, माझीच," ती म्हणाली. "भोक बुजवलेली चाचणीही माझीच. ती मी फळ्यावर लिहिली नाही."

आत्यानं पायानं चाचपून चप्पल परत घातली.