चाळीस पावलांवरचा नवरा

लेम्पी हार्जूचा नवरा अकरा वर्षं तिच्या घरात राहत नव्हता, हे लेक सुपीरियरच्या काठावरच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण लेम्पीनेच ते प्रत्येकाला सांगितलं होतं: पोस्टात, दुकानात, चर्चमधल्या कॉफीच्या वेळी. "माझ्या घरात तो माणूस नाही," असं ती म्हणायची आणि ते अगदी खरं होतं. रेइनो हार्जू अंगणाच्या टोकाला, घरापासून चाळीस पावलांवर, सौनात राहायचा. सौना म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ करायची न्हाणी. गाव फिनलंडहून आलेल्यांच्या लेकरा-नातवंडांचं. तिथे घर गळकं चालतं, सौना धड लागतो. रेइनोच्या सौनाला पुढे कपडे बदलायची खोली होती. तिथे त्याने खाट टाकली होती.

भांडण काठवटीवरून झालं. लेम्पीच्या आईने फिनलंडहून बोटीतून आणलेली लाकडी काठवट होती, राय धान्याच्या काळ्या पावाचं पीठ तीत आंबायचं. ती काठवट कधी धुवायची नसते, कडेला वाळून बसलेलं पीठ हेच पुढच्या पावाचं विरजण. रेइनोच्या लहानपणी त्यांच्याकडे दुकानातला पाव यायचा, त्यामुळे त्याला यातलं काही कळत नव्हतं. बायको तापाने झोपली होती, तेवढ्यात त्याने ती काठवट सोड्याने घासून पांढरीफेक केली, उन्हात वाळत ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसला. लेम्पी उठून बाहेर आली, तिने काठवट बघितली आणि म्हणाली, "माझ्या घरातून चालता हो."

तो चालता झाला. चाळीस पावलं. हा माफी मागेल म्हणून ती थांबली, ही हाक मारेल म्हणून तो थांबला आणि थांबण्यात दोघांचाही हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

यंदा ऑगस्टमध्ये रेइनो झोपेतच गेला आणि सहा आठवड्यांनी त्याच्या नावाने सरकारी पत्र आलं. खाणीतल्या सहा वर्षांची नोंदच पेन्शनमध्ये धरली नाही म्हणून तो तीन वर्षं सौनाच्या खिडकीत बसून अर्ज लिहीत होता. सरकारने शेवटी मान्य केलं होतं. थकलेली रक्कम चार हजार डॉलरच्या वर होती. अर्जदार हयात नसल्यास वारसाने सोबतचा फॉर्म भरावा, असंही पत्रात होतं.

फॉर्ममध्ये तिसराच प्रश्न असा: मृत्यूच्या वेळी आपण मृत व्यक्तीबरोबर एकाच घरात राहत होता का?

लेम्पीने तो प्रश्न चारदा वाचला आणि मग सरकारला एक शिवी घातली.

शेजारीण साइमा लाहती हिला हे पत्र कळायला अर्धा तास लागला. साइमाला गावातल्या सगळ्या गोष्टी माहीत असत, त्यातल्या निम्म्या खऱ्या असत. तिने ठासून सांगितलं की "नाही" लिहिलंस तर पैसे सरकार गिळेल. तिच्या मावसबहिणीचे असेच गिळले. रेइनोच्या थडग्यावर अजून लाकडी क्रूसच होता आणि बर्फ पडायच्या आत तिला दगड बसवायचा होता. शिवाय ते पैसे त्याने भांडून जिंकले होते. ते बुडाले असते तर त्याची तीन वर्षं फुकट. पण "हो" लिहायचं म्हणजे अकरा वर्षं गावभर सांगितलेलं आपल्याच हाताने पुसायचं, तेही साइमासमोर. कारण लेम्पीला गाडी चालवता येत नव्हती आणि कचेरी तीस मैलांवर होती, न्यायला साइमाच.

कचेरीत ड्युकेट नावाचा तरुण कारकून होता. तो फिनिश नव्हता, त्यामुळे बिचारा सरळ होता. साइमाने बाहेर बसलं तरी चालेल, असं त्याने सुचवलं. साइमा म्हणाली की तिचे गुडघे आता उठू देणार नाहीत, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तर मिसेस हार्जू, तुम्ही एकत्र राहत होता?"

"तो सौनात राहायचा," लेम्पी म्हणाली. हो की नाही, याचा ताकास तूर लागू न देता किती पुढे जाता येतं ते ती बघत होती.

"आणि जेवण? वेगळं वेगळं?"

"मी ताट पायरीवर ठेवायचे. कुत्र्यासाठी."

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"मेला."

"कधी?"

साइमाने छताकडे बघत सांगितलं, "आठ वर्षं झाली. पण ताट रोज जायचं. काटा-चमचा ठेवून. रविवारी वेलचीचा गोड पावसुद्धा. कुत्रा नशीबवान होता हो."

ड्युकेटने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. त्याचे खांदे हलत होते. मग त्याने भांडणाचं कारण विचारलं. फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती, त्यालाच राहवलं नाही. लेम्पीने काठवटीचं सांगितलं.

"दुसऱ्याच दिवशी मी माझ्या काठवटीतला गोळा घेऊन गेले होते," साइमा म्हणाली. "तिच्याच आईच्या विरजणाचा, आमच्याकडे तिथूनच आलेला. बाईसाहेबांनी घेतला नाही. घेतला असता तर रागवायला काय उरलं असतं?"

लेम्पीला तोंडात मारल्यासारखं झालं. आपल्याला राग सोडायचाच नव्हता, हे साइमाला माहीत होतं, आणि अकरा वर्षं ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मला एकच उत्तर लिहायचंय," ड्युकेट आता मऊ आवाजात म्हणाला. "हो की नाही?"

लेम्पीने पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली.

"शनिवारी," ती म्हणाली, "मी टॉवेल घेऊन सौनात जायचे."

"तेव्हा तर तो फिरायला जायचा," साइमा म्हणाली. "तूच सांगायचीस."

"नाही जायचा."

साइमाचं तोंड उघडं राहिलं. असं आजवर झालं नव्हतं.

"सौना तापवायचा तोच," लेम्पी म्हणाली. तिचा आवाज आता कुणासाठीच नव्हता. "सौनात भांडायचं नसतं, चर्चमध्ये भांडत नाहीत तसं. दोघं एका फळीवर बसायचो. मी त्याची पाठ घासायचे, तो माझी. मग मी घरी यायचे आणि सकाळी पुन्हा बोलणं बंद. अकरा वर्षांत एक शनिवार चुकला नाही. लिहा, हो."

त्याने लिहिलं. तिने सही केली. मग ड्युकेटने पानं चाळली आणि मुलं आहेत का, त्याचे आई-वडील हयात आहेत का, असं विचारलं. दोन्हीला नाही म्हटल्यावर तो जरा घुटमळला.

"मिसेस हार्जू, मग खरं म्हणजे प्रश्नच नव्हता. दुसरं कुणी नसेल तर पैसे बायकोलाच मिळतात. एका घरात राहत असा, नसा."

लेम्पीने मान सावकाश साइमाकडे वळवली. साइमाला अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"हवा तर नवा फॉर्म देतो," ड्युकेट म्हणाला. "तिथे नाही लिहा. काही फरक पडणार नाही."

नवा फॉर्म तिच्यासमोर आला. अकरा वर्षांची अब्रू परत मिळत होती, तीही फुकट. लेम्पीने तो बोटाने त्याच्याकडे ढकलला.

"राहू दे," ती म्हणाली. "जे लिहिलंय ते खरं आहे."

परतताना वीस मैल साइमाने तोंड मिटून गाडी चालवली. तिच्या दृष्टीने हा मोठा पराक्रम होता. एकविसाव्या मैलाला तिने विचारलंच, "अकरा वर्षं तिथे बसून तो बोलायचा तरी काय?"

"दर वेळी दगडांवर पाणी ओतायच्या आधी विचारायचा, टाकू का म्हणून. मी म्हणायचे, टाक."

"बस?"

"मग अजून काय बोलायचं असतं?"

शनिवारी दुपारी साइमा फडक्यात बांधलेला पिठाचा गोळा घेऊन आली. लेम्पीने तो घेतला, पांढऱ्याफेक काठवटीत ठेवला, वर पीठ आणि कोमट पाणी घातलं आणि झाकून चुलीजवळ ठेवून दिला. संध्याकाळी तिने पहिल्यांदाच स्वतः सौना तापवला. धूर बराच झाला, तरी दगड तापले. ती फळीवर आपल्या नेहमीच्या बाजूला बसली, दुसरी बाजू मोकळी ठेवून. पाण्याचं ओगराळं हातात घेतलं.

"टाकू का?" तिने विचारलं.

जरा वेळ थांबली. थांबणं तिला चांगलं येत होतं. मग तिने पाणी टाकलं.